मिस लोरेन यांच्यासमोर ते गाणं

गेल्या रविवारी इथे अमेरिकेत, अल्फारेटात, आमची भीमजयंती होती. वक्ता मीच, त्यामुळे सकाळपासून डोक्यात फक्त भाषण... आणि हॉलच्या मागच्या खोलीतून कीबोर्डवर एक ओळखीची चाल ऐकू आली.

इथल्या शाळांमधून पिढ्यान् पिढ्या शिकवलं गेलेलं जुनं, गोड अमेरिकन गाणं. गोड म्हणजे आता गोड! मुळात गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून, गुलामांची नक्कल करत, प्रेक्षकांना हसवण्यासाठी ते म्हटलं होतं. पुढे टोचणारे शब्द गुपचूप बदलले आणि गाणं मुलांच्या हाती दिलं. का बदलले, ते मात्र मुलांना कुणी सांगितलं नाही.

आणि पहिल्या रांगेत कोण बसणार होतं? आमच्या शेजारच्या मिस लोरेन. कृष्णवर्णीय, निवृत्त शिक्षिका. मीच आग्रहाने त्यांना बोलावलं होतं. आमच्या जयंतीत, आमच्याच मुलांनी त्यांचा अपमान करायचा?

मी तडक आत गेले. गाणं बसवणाऱ्या सुजातामावशींना म्हटलं, "हे कॅन्सल करा. आत्ताच." आणि सगळा इतिहास उभ्या उभ्या ऐकवला.

"अगं, ऐकून तर घेशील?" मावशी वैतागल्या. "भाषण स्टेजवर आहे ना तुझं? इथे कशाला?"

सोलो माझ्या मुलीचा, मैत्रेयीचा होता. "आई, जस्ट ट्रस्ट मी," एवढंच म्हणून ती निघून गेली. तेवढ्यात निरोप आला, मिस लोरेन आल्या...

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मनात ठरलं होतं, पहिला शब्द आला की उठायचं आणि थांबवायचं. स्वतःच्या मुलीला, भर सभेत.

कीबोर्ड सुरू झाला. मिस लोरेन यांनी मांडीवरची पर्स घट्ट धरली. चेहरा दगडासारखा. मी अर्धी उठलेच...

इतक्यात मैत्रेयीने हात वर करून कीबोर्ड थांबवला. माइकवर इंग्रजीत म्हणाली, "ही चाल माणसांची टर उडवण्यासाठी वापरली गेली. आज आम्ही तिला दुसरं काम देणार आहोत."

शब्द मुलांनी स्वतः लिहिले होते. वर्गाबाहेर बसून शिकलेल्या पणजोबांचे, पाणवठ्याचे... आणि शेवटच्या कडव्यात इथल्या कापसाच्या शेतांत राबलेल्या गुलामांचे.

लहानपणी वस्तीत मी तरी काय ऐकत मोठी झाले? सिनेमाच्या चालींवरची भीमगीतंच ना! चाल बाजारातली, शब्द आपले. एवढी पुस्तकं वाचली आणि नेमकं हेच विसरले.

गाणं संपलं. हॉलभर टाळ्या. मिस लोरेन यांनी मात्र टाळी वाजवली नाही.

मग त्या हळूच म्हणाल्या, शाळेत त्यांना हे गाणं म्हणायला लावायचे. त्या नुसते ओठ हलवायच्या, आवाज काढायच्या नाहीत... मग स्टेजकडे बघत त्या मोठ्याने म्हणाल्या, "वन मोअर टाइम, बेबी."

मुलांनी पुन्हा सुरुवात केली. या वेळी माझ्या शेजारूनही एक खोल, भरदार आवाज उठला. नवे शब्द त्यांना येत नव्हते, नुसती चाल गुणगुणत होत्या... पण मोकळ्या गळ्याने.

शब्द बदलून इतिहास पुसता येत नाही, हे मी आजही ठासून सांगेन. पण त्या दिवशी ते माझ्याआधी मैत्रेयीने सांगितलं होतं. मी स्टेजवर गेले, "जय भीम" म्हटलं आणि माझा सगळा वेळ मुलांना देऊन खाली आले.