पेटीतली हवा

आमच्या चर्चच्या पेटीचा भाता फाटका आहे. एका हाताने हवा पुरत नाही. म्हणून माझी बायको दोन्ही हातांनी वाजवते आणि मी तिच्या समोर बसून दोन्ही हातांनी भाता मारतो. ग्वाल्हेरच्या त्या हिंदी मंडळीत आम्हा मराठी नवरा-बायकोची तेवढीच काय ती ओळख.

कौतुक मात्र तिचंच होतं. एका शनिवारी आमच्या हरिशंकरपुरम कॉलनीतल्या शेजारीणबाई तिच्या वाजवण्याची तारीफ करून गेल्या. मी म्हणालो, "हवा माझी असते." ती म्हणाली, "हवा तर फुग्यातपण असते." मला हे फार लागलं.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांनी उपदेशाला नेमका तोच विषय घेतला. प्रभूच्या घरी बाईचं पुरुषाशिवाय भागत नाही आणि पुरुषाचं बाईशिवाय. पहिली स्त्री पुरुषापासून झाली खरी, पण नंतरचा प्रत्येक पुरुष बाईच्याच पोटी आला, आणि दोघं देवाकडून. बायकोने माझ्याकडे रोखून पाहिलं. मीही तिच्याकडे पाहिलं. उपदेश समोरच्यासाठी आहे, याची दोघांनाही खात्री होती.

शेवटचं गीत सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला मी भात्यावरून हात काढले. पेटी कण्हली आणि गप्प झाली. आता गाणं कोसळेल, मग कळेल हिला, म्हणून मी हाताची घडी घालून बसलो. बायको हट्टाने मुक्या पट्ट्या दाबत राहिली. आणि मंडळी गात राहिली. नुसती गात नव्हती, चांगली सुरात गात होती. मागच्या बाकावरच्या आजीबाईंनी तर टाळ्यांचा ठेका धरला.

बाहेर पडताना पाळकसाहेब हात मिळवत म्हणाले, "आज गाना बहुत अच्छा रहा. शब्द भी साफ सुनाई दिए."

आमची स्कूटर सराफा बाजाराच्या गर्दीत शिरली. मग मागून तिने विचारलं, "अहो, त्यांना आपली गरजच नाही का?" आवाज रडवेला होता.

"मला तुझी आहे," मी म्हणालो. लग्न झाल्यापासून हे मी प्रथमच बोललो, तेही ट्रॅफिकमध्ये.

"मग हवा का बंद करून दिली?"

पुढच्या रविवारी मी घाम फुटेस्तोवर भाता मारला. तिने पट्ट्यांवर सगळा जोर काढला. गीताचा एक शब्द कुणाला ऐकू आला नाही. पाळकसाहेब कपाळाला आठ्या घालून उभे होते. तिने पेटीवरून माझ्याकडे पाहिलं आणि मानेनेच सांगितलं, अजून हवा.