रिकाम्या पाइपातली हवा

या सदरातले गूढ अनुभव वाचताना मी दरवेळी मनात कारण शोधून ठेवते. मांजर असेल, वारा असेल, नाहीतर लिहिणाऱ्याला ताप असेल. आता स्वतःचंच लिहायला बसलेय, तर कारण सापडत नाही...

सोलापुरात हैदराबाद रोडला, मार्केट यार्डच्या पुढे आमचं गॅरेज आहे. पप्पा फक्त ट्रकच्या एअर ब्रेकचं काम करतात. मला त्यांनी इंग्लिश मीडियममध्ये घातलं आणि पान्याला हात लावू दिला नाही. मी काचेच्या केबिनमध्ये बसून फोन घेते. चार वर्षांपूर्वी मोहोळहून चुलत बहीण अश्विनी आली. तिला मात्र पप्पांनी गाडीखाली नेलं. इंजिन बंद केलं की हवा कुठून गळतेय ते ती नुसत्या कानाने सांगायची. पप्पा आल्यागेल्याला ऐकवत, "आमच्या अश्वीला कान हाय."

खरं सांगते — मी रोज काचेआड तिच्या चुकीची वाट बघत असायचे.

मार्चमधली दुपार. रत्नागिरीला जाणारा साखरेचा ट्रक. अश्विनीने मागच्या डाव्या ब्रेकचा डायफ्रॅम, म्हणजे आतला रबरी पडदा, बदलला. सांध्यांना साबणाचं पाणी लावून बघितलं, बुडबुडा नाही. सगळे मागे जेवायला गेले. मी केबिनमध्ये होते, दार बंद, कूलर चालू. आणि ऐकू आलं... स्स्स्स. बारीक, न थांबणारं. कूलर बंद केला, तरी येतच होतं. बाहेर गेले. मागच्या डाव्या चाकापाशी ते मोठं झालं.

भीती नाही वाटली. आनंद झाला. मी परत येऊन गप्प बसले. जाऊ दे गाडी... तक्रार येईल, मग कळेल कुणाला किती कान आहे.

हात पुसत ड्रायव्हर गफूरचाचा आले. "मेस्त्री, सकाळी आंबा घाट उतरायचाय. ब्रेक बघितला नं नीट?"

"अश्वीनं बघितलाय. डोळं झाकून जावा."

त्या 'डोळं झाकून'ने मला बसू दिलं नाही. चाचांची काळजी की अश्विनीचा राग, मला आजही सांगता येणार नाही.

"पप्पा, डाव्या चाकाला हवा जातेय. मघापासून."

चाचांनी पॅडल दाबून धरलं, पप्पांनी साबणाचं पाणी लावलं. काही नाही. प्रेशरचा काटाही हलेना. पप्पा हसले. "अगं, पॅडलवर पाय न्हाय तोवर चाकाकडं जाणाऱ्या पाइपात हवाच नसती. तू ऐकलंस तवा चाचा कुटं होता? माज्याशेजारी भाकरी खात!"

"मेस्त्री, पोरगीला भूक लागली असेल," चाचा म्हणाले.

अश्विनी हसली नाही. तिचा चेहरा उतरला होता. "कुटं म्हणालीस, ताई?" म्हणत ती खाली शिरली. डायफ्रॅम बदलला की जुना पाइप हाताने वाकवून बघायचा, हा पप्पांचा नियम. त्या दिवशी ते तिच्याकडून राहिलं होतं. पाइप वाकवला, तर खालच्या बाजूने रबर चिरलेलं, आतले दोरे दिसत होते. ती बाजूला सरली.

"चाचा, दाबा आता."

फाट्कन आवाज झाला, धूळ उडाली. पाइप फुटला होता. चाचांनी दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला. पप्पांनी फुटलेल्या पाइपावरून बोट फिरवलं, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हिलाबी कान हाय की..."

तेव्हापासून प्रत्येक गाडीला ते मला बाहेर बोलावतात. "ऐक बघू." मी उभी राहते. रस्त्यावरच्या हॉर्नशिवाय काही ऐकू येत नाही. तो आवाज परत कधीच आला नाही. ज्या पाइपात हवा नव्हती, जो अजून फुटलाही नव्हता, त्याचा आवाज मी बंद दाराआडून कसा ऐकला, हे पप्पांना सांगता आलं नाही आणि मलाही नाही.

अश्विनी आता एकही पाइप सोडत नाही. पण पप्पांनी मला हाक मारली, की साबणाचं पाणी कालवता कालवता ती माझ्याकडे बघते. ती नजर मला ओळखीची आहे. चार वर्षं मी काचेआडून तिच्याकडे तशीच बघत होते.