भुसा, कोठी आणि वायुदाब

निवृत्तीनंतर मी सुतारकाम शिकलो आणि आमची ही खोकायला शिकली. दोघांचीही प्रगती जोरात होती.

ग्वाल्हेरच्या एका कॉलेजात मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. त्यामुळे हातात करवत आली तेव्हा मला मुळीच परकं वाटलं नाही. बल, घर्षण, तरफ, सगळी ओळखीचीच मंडळी. शहराच्या लष्कर भागात, गोरखीच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे. स्वयंपाकघराला लागून सामानाची एक खोली होती, ती रिकामी करून मी तिथे विजेची करवत आणि लाकूड घासायचं यंत्र मांडलं. पहिलं स्टूल तयार झालं. त्याचे तीन पाय जमिनीला टेकायचे आणि चौथा विचारात असायचा. तरी ते मी बैठकीत ठेवलं. (त्यावर बसायचा आग्रह मात्र कुणाला केला नाही.)

खोलीला दार होतं, पण भुशाला दाराची गरज पडत नव्हती. तो देवाच्या तसबिरींवर बसायचा, उशांच्या अभ्र्यांत शिरायचा, वरणावर तरंगायचा. एका संक्रांतीला गुळाची पोळी खाताना मला काही वेगळाच खुसखुशीतपणा जाणवला आणि मी तोंडभरून कौतुक केलं. ही शांतपणे म्हणाली, "सागवान आहे ते."

हे असंच चाललं असतं. पण आमची मुग्धा, इंदूरला दिलेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार असं ठरलं. मी लगेच जाहीर केलं की बारशाचा पाळणा माझ्या हातचा असेल. हिने ऐकून घेतलं, दोनदा खोकली आणि म्हणाली, "पाळणा जरूर करा. पण बाळ या घरात येईल तेव्हा इथे भुसा राहणार नाही. तुम्ही राहायचं की नाही, ते तुमचं तुम्ही बघा."

तेव्हा मी धूळ ओढायच्या साधनांचा अभ्यास सुरू केला. आधी सोपा उपाय म्हणून खिडकीत एक्झॉस्ट पंखा बसवला. भुसा खरोखर बाहेर गेला. बाहेर शेजारच्या गुप्ता भाभींचं छत होतं आणि छतावर वाळत घातलेले मुगाचे पापड होते. भाभी ताटभर पापड घेऊन आल्या आणि अतिशय नम्रपणे विचारलं, "भाईसाहब, इनको तलना है या पॉलिश करना है?"

पंखा उतरवला. मग घरातला व्हॅक्यूम क्लीनर जोडून पाहिला, तर त्याची पिशवी इतक्या लवकर तुंबायची की मी लाकूड कमी आणि पिशवीच जास्त झटकत होतो. (झटकायचो अंगणात, आणि वारा ते सगळं घरात परत आणून द्यायचा.) कारखान्यात असतं तसं मोठं यंत्र आणावं म्हणून बाड्याच्या चौकातल्या एका दुकानात गेलो. ते फ्रिजएवढं निघालं. आमच्या खोलीत एक तर ते मावलं असतं किंवा मी. घरी येऊन हिला हे सांगितलं तर ती म्हणाली, यंत्र निदान बोलत तरी नाही.

शेवटी माझं शास्त्र धावून आलं. हवा एका शंकूत गरगर फिरवली की जड भुसा कडेला फेकला जाऊन खालच्या डब्यात पडतो आणि मोकळी हवा तेवढी व्हॅक्यूमकडे जाते. लहान जागेला याहून चांगलं काही नाही. प्लॅस्टिकचा शंकू मागवला, नळ्या जोडल्या. राहता राहिला खालचा मोठा, घट्ट झाकणाचा डबा. तो घरात होताच. हिच्या आईने दिलेली पत्र्याची गव्हाची कोठी. ही बाजारात गेलेली पाहून मी गहू चादरीवर ओतले, कोठीच्या झाकणाला भोक पाडून शंकू बसवला आणि फटी चिकटपट्टीने पक्क्या बंद केल्या.

यंत्र चालू केलं आणि काय सांगू, करवतीखालून भुसा असा ओढला जात होता जणू त्याला कुणी घरी जेवायला बोलावलंय. माझी छाती इतकी फुगली की ही परत येताच मी तिला हाताला धरून आणलं आणि पापडांची भरपाई म्हणून भाभींनाही बोलावलं. कोठी पाहून हिचा चेहरा बदलला, पण मी तिला बोलायला अवसर न देता व्याख्यान सुरू केलं. हवेच्या दाबावर आलो आणि हात पसरले. खांद्यावरचा पंचा घसरला, नळीच्या तोंडाशी गेला आणि सुर्रकन आत ओढला गेला.

नळी तुंबली. व्हॅक्यूम मात्र इमानदारीने हवा ओढतच राहिला. आणि हिच्या माहेरची कोठी 'धाड' असा आवाज करून आतल्या आत चेपली. ऊस चरकातून काढावा तशी.

ही पुढे आली, स्वतः बटण बंद केलं आणि विचारलं, "पत्र्याच्या डब्यातली हवा काढली की डबा चेपतो, हे तुम्ही दरवर्षी वर्गात करून दाखवायचात ना?"

"हो," मी म्हणालो.

"मग?"

मी वाकून नळीत अडकलेला पंचा ओढायला लागलो. भाभींनी तोंडाला पदर लावला होता. तो भुशासाठी नव्हता.

मला वाटलं, खोलीला आता कुलूप लागणार. पण दुसऱ्या दिवशी ही आणि भाभी मिळून एक जाड निळा प्लॅस्टिकचा ड्रम घेऊन आल्या. भाभी म्हणाल्या, "इसको पिचकाकर दिखाइए." मी झाकणाला एक झडपही बसवली, ओढ फार वाढली की उघडणारी. काम संपल्यावर ही आत आली, फळीवरून पांढरं फडकं फिरवलं, उजेडात धरून पाहिलं. फडकं पांढरंच होतं. नंतर भाभींना सांगताना मी तिला ऐकलं, "हमारे ये कर लेते हैं, बस समय लगता है." एवढ्या वर्षांत कॉलेजने माझा असा सत्कार केला नव्हता.

पाळणा झाला. बारसं झालं. नात पाळण्यात मुळीच झोपेना, टेकवली की रडायची. एका दुपारी कंटाळून मी खोली झाडायला गेलो आणि यंत्र सुरू केलं. त्या घुरघुरीबरोबर रडणं थांबलं. मी बटणाकडे हात नेला, तोच मुग्धा पाळण्याजवळून दबक्या आवाजात म्हणाली, "बाबा, बंद मत करना. झोपलीये ती."

आता ते रोज दुपारी चालतं. नात गाढ झोपते, ही खोकत नाही, आणि आमच्या लष्कर भागात इतकं उत्तम धूळयंत्र दुसऱ्या कुणाच्या घरी नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. फक्त ते चालू असताना मला लाकडाला हात लावायची सक्त मनाई आहे. करवतीच्या आवाजाने बाळ उठतं.