घंगाळातली अंगठी
पेल्यातला चमचा पाण्यात मोडल्यासारखा दिसला आणि माझ्या लग्नातला अंगठीचा खेळ आठवला. सोलापुरातल्या आमच्या दारच्या मांडवात तांब्याचं घंगाळ पाण्यानं भरून ठेवलं होतं. त्यात टाकलेली अंगठी तीनदा शोधायची. जो दोनदा काढील, त्याचं घरात आयुष्यभर चालणार. मी नुकताच मॅट्रिक झालेला. पाण्याबाहेर येताना प्रकाश वाकतो, म्हणून वस्तू दिसते तिथं नसते, हे मला पाठ होतं. मी मान तिरकी करून अंदाज बांधू लागलो, तेवढ्यात वळसंगच्या नवरीनं अंगठी काढलीसुद्धा. "अरे, अंगठी काढायची हाय, मुहूर्त न्हाय!" आत्या ओरडली. दुसऱ्या खेपेला मी जमलेल्यांना आधी नियम समजावला. तो संपेपर्यंत तिनं पुन्हा काढली. सगळा मांडव हसला. मी हळूच विचारलं, "तुला कसं कळलं?" ती पदराआडून म्हणाली, "दिसती त्याच्या अलीकडं हात घालायचा. इहिरीत पडलेल्या घागरी गळानं आमीच काढतोय की." तेव्हापासून घरात तिचंच चाललं. ती जाऊन आता महिना झाला. काल सुनेनं विचारलं, "मामंजी, आमटी कशाची करू?" नेहमीसारखं तिचं उत्तर आतून येईल म्हणून मी आतल्या खोलीच्या दाराकडं बघत राहिलो.