हवावाले सर आणि युरियाचं पोतं

गुजरातमधल्या एका खत कारखान्याच्या प्रयोगशाळेत आज मी पांढरा कोट घालून उभी असते, ती हवावाल्या सरांमुळे. हे आधी सांगते. नाहीतर सांगता सांगता माझी चूकच मोठी व्हायची आणि सर मागं राहायचे.

सर कुठल्याही भांड्याला रिकामं म्हणत नसत. नव्वदच्या दशकात बारामतीच्या एका कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवायचे. मी लासुर्ण्याची सून, सातवीत शाळा सुटलेली. तिथं काचसामान धुवायला रोजंदारीवर लागले होते. पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, हा चंबू रिकामा आहे, कुठं ठेवू?" त्यांनी तो उजेडात धरला. "रिकामा? गच्च भरलाय, मंगलताई! पाचातले चार वाटे नायट्रोजन हाय ह्यात." सर मूळचे लोणी भापकरचे. फळ्यापाशी पुस्तकी बोलायचे, खुशीत आले की गावचं.

हवेतला हा फुकटचा नायट्रोजन धरायचा आणि थेट कार्बनच्या संयुगात बसवायचा, एवढाच त्यांचा ध्यास. अशा संयुगांतून औषधं होतात, रंग होतात. त्यासाठी ते टायटॅनियम वापरायचे. मला कळावं म्हणून सांगायचे, "नायट्रोजनचे अणू म्हंजी जुळे भाऊ. एकमेकाचा हात सोडत न्हाईत. धातू हा मध्यस्थ. त्यानं हात सोडवायचा, कार्बनशी सोयरीक जमवायची आन् दुसरं स्थळ बघाया मोकळं व्हायचं."

"आणि तुमचा मध्यस्थ, सर?"

"आमचा मांडवातच बसून ऱ्हातो!"

तीन वर्षं सोयरीक जमली नाही. प्रयोग झाला की सर त्यातलं थोडं कॉस्टिक सोड्यात उकळायचे आणि वाफ तपासणीच्या पाण्यात सोडायचे. नायट्रोजन अडकला असेल तर पाणी पिवळं होणार. ते व्हायचं नाही. सर वहीत 'नाही' लिहायचे आणि शीळ घालत चहा मागवायचे. बाकीचे प्राध्यापक चिडवायचे, "काय सर, आज हवा गावली का?" "न्हाय गावली. पण जाती कुठं?"

आणि एका दुपारी पाणी पिवळं झालं. दुसऱ्यांदा केलं, तेव्हाही. सरांनी शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना पेढे वाटले. पुण्याच्या मार्गदर्शकांना पत्र लिहिलं, पाकिटाला डिंक लावला. "उद्या रजिस्टरनं धाडतो."

त्याच आठवड्यात चंबू पालथे अडकवून वाळवायची आमची लाकडी घोडी मोडली होती. तेव्हा मी कौतुकानं घरच्या युरियाच्या पोत्याचं बसकर शिवलं होतं. दोनदा धुऊन, दुहेरी घडी घालून, छापील बाजू आत. त्यावर चंबू पालथे वाळत. त्याची शिवण उसवली म्हणून त्या संध्याकाळी मी ते घरी आणलं. घडी उलगडली. आत ओलसर, पांढरट, चिकट काहीतरी. आणि वर पुसट अक्षरं: युरिया, नायट्रोजन ४६ टक्के.

म्हणजे पाणी पिवळं केलं ते हवेनं, की ह्या पोत्यानं?

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, भाकरी थापता थापता म्हणाल्या, "काय भूत बघितल्यावानी करतीयास?" मी सांगितलं. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "गप ऱ्हा. तुला कोन इचारतंय? काम जाईल हातचं." खरं होतं. मी कायम नव्हते, आणि यांची नोकरी तेव्हा सुटलेली होती. सरांचा पेढा अजून डबीत होता. मला तो खाववेना.

सकाळच्या एसटीत पोतं मांडीवर घेऊन बसले. सर पाकीट घेऊन पोस्टात निघालेच होते. मी म्हटलं, "सर, पोतं." आणि घडी उलगडून अक्षरं दाखवली. त्यांनी पोतं हातात घेतलं, वाचलं. मग त्या पोत्यावर वाळलेला चंबू घेतला आणि आत काहीच न घालता नुसती चाचणी केली. पाणी पिवळं. दुसरा चंबू भट्टीत वाळवून घेतला. पाणी नितळ.

सर स्टुलावर बसले. पाकीट आडवं फाडलं. मला वाटलं, संपलं. तर त्यांचे खांदे हलायला लागले, हसत होते! "तीन वर्सं हवेनं न्हाय दिलं, त्ये तुमच्या पोत्यानं दिलं की वो!" मग डोळे पुसून म्हणाले, "हे पत्र गेलं असतं तर जन्मभर मान खाली घालावी लागली असती. तुम्ही वाचवलंत."

त्या दिवसापासून प्रत्येक प्रयोगाआधी कोरी चाचणी, म्हणजे चंबूत काहीच न घालता केलेली, आणि ती मी करायची. वहीत माझं नाव यायला लागलं. घरी माझ्या घाबरटपणाला सगळे हसायचे, कडी तीनदा बघते म्हणून. सरांनी तोच घाबरटपणा कामाला लावला.

वर्षभरानं एकदा कोरी चाचणी नितळ आली आणि प्रयोगाच्या पाण्यावर लिंबाच्या सालीइतकी फिकी झाक. सरांनी स्वतः बघितलं नाही. म्हणाले, "ताई, तुमी सांगा. हाय का न्हाय?"

"हाय," मी म्हटलं.

पुढं यांना गुजरातमध्ये काम लागलं. निघताना सरांनी चिठ्ठी दिली: 'या बाई कोरी चाचणी करतात. विश्वास ठेवावा.' एवढ्यावर इथं मला घेतलं.

सर आता निवृत्त होऊन लोणी भापकरला असतात. सर, तुमचे उपकार मी एक दिवस फेडणार. इथला चांगल्यातला चांगला चंबू आणीन, माझ्या हातानं धुतलेला, भट्टीत वाळवलेला. कोरी चाचणी करूनच आणीन. तो उजेडात धरा आणि सांगा, किती भरलाय.