न लागलेलं दही

काल मांजरानं दह्याचं भांडं लवंडलं आणि घरात विरजणापुरतंही दही उरलं नाही, म्हणून आज सकाळी आईनं कोमट दुधात देठासकट सुकी लाल मिरची टाकली. त्या दुधाचा तिखटसर वास आला आणि मला परदेशातली माझी आणि रूममेटची खोली आठवली. शिकायला जाऊन दीड महिना झाला होता. तिथलं विकतचं दही गोडमिट्ट, आणि आईच्या सांगण्यावरून मिरची टाकून लावलेलं तीनदा दुधासारखंच राहिलेलं. चौथ्यांदा मी भांडं शालीत गुंडाळून हीटरपाशी ठेवलं आणि कॉलेजात गेले. आठवडाभर खपून लिहिलेला निबंध तिथे 'यात तुमचं स्वतःचं मत कुठे आहे?' एवढ्या एका ओळीसह परत मिळाला. मरो तो निबंध, निदान दहीभात तरी खाईन, असं म्हणत खोलीवर आले, तर भांडं घासून लखलखीत! रूममेट हसून म्हणाली, "तुझं दूध नासलं होतं, त्यात मिरचीही पडली होती, मी फेकून दिलं." एवढ्या चांगुलपणावर ओरडणार तरी कसं? 'थँक्यू' म्हणताना मनातल्या मनात दातओठ खाल्ले. तेवढ्यात आईचा फोन आला. "लागलं का वं दही?" "लागलं." "अन् अभ्यास?" "मस्त चाललाय." आज यवतमाळच्या आमच्या ओट्यापाशी आई शेजारच्या काकूंना कौतुकानं सांगत होती, "तिकडच्या थंडीतही पोरीनं दही लावलं," आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "कसं लावलंतं वं, सांग नं काकूले."