साकवावरचा नियम लिफ्टमध्ये

मंडळी, तासाभरापूर्वीचंच आहे, छाती अजून फुगलेली आहे.

गेल्या आठवड्यात आई आणि मुलीसोबत जपानच्या एका खेड्यात नदीवरचा जुना लाकडी पूल बघितला. अरुंद, कठडा नाही. फोटोच्या घाईत मी पुढे निघालो, तर आईने दंड धरला. पलीकडून एक म्हातारी भाजीची टोपली घेऊन येत होती.

"आपल्या साकवावर ओझंवाला आधी," आई म्हणाली. आमच्या रत्नागिरीकडच्या गावात ओढ्यावर असाच लाकडी साकव होता. म्हातारी आली, आईसमोर वाकली. आईने हात जोडले.

माझी मुलगी हे बघतेय, माझ्या लक्षातही आलं नाही.

आज इथे आखातात, इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट आली. मला मीटिंगची घाई. "यल्ला, चल आत," म्हटलं, तर मुलगी दार अडवून उभी. मागे पाणीवाला, खांद्यावर भलामोठा कॅन.

"वेट पप्पा," एरवी सगळं इंग्लिशमध्ये बोलणारी माझी पोरगी म्हणाली, "ओझंवाला आधी."

मीटिंग राहिली बाजूला. आधी गावी आईला फोन लावला.

ती म्हणाली, "मग? नात कुणाची?"